दोरीखालची रेघ

१

भिंत पांढरी झाली होती.

बैठकीच्या आधी खोली झाडून घ्यावी म्हणून मी कुलूप काढलं आणि झाडू हातात धरून दारातच उभी राहिले. दिवाळी कधीच होऊन गेलेली, लग्न नाही, कार्य नाही, आणि कोणी तरी आत शिरून समोरच्या अख्ख्या भिंतीला चुना मारून गेलं होतं. कुलूप शाबूत होतं. खुर्च्या, कंदील, टेबल सगळं जागच्या जागी होतं. गेली होती फक्त भिंत.

तुम्ही म्हणाल, चुनाच तर लागला, त्यात एवढं काय बाई? तर त्या भिंतीवर आमचा शेअर बाजार होता.

माझे सासरे केवळराम गिऱ्हेपुंजे. अड्याळला त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. जन्मभर गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर माणसं पोथी वाचतात, नाही तर सुनेला छळतात. आमच्या मामाजींनी दोन्ही सोडून शेअर धरले. मंडळ काढलं, चार जणांचं. एक ते स्वतः. दुसऱ्या चंद्रभागाबाई, रिटायर नर्स; त्यांच्या बंद पडलेल्या धानगिरणीची ही खोली. तिसरा जागेश्वर, खता-बियाण्याचा दुकानदार. आणि चौथा अश्विन खोब्रागडे, मामाजींचा जुना विद्यार्थी. हा पोरगा रस्त्यात सर दिसले की सायकलवरून उतरायचा आणि ते पुढं जाईपर्यंत उभा राहायचा. गाव हसायचं, पण तो उतरायचाच.

मामाजींची रीत मला त्यांनीच, मी भाकरी करत असताना, समजावून सांगितली होती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी किती जोरात पळाली ते कोणी विचारत नाही, बाजूच्या जोडीच्या किती पुढं पळाली ते विचारतात. शेअरचंही तसंच. बाजार सगळाच चढत असेल तर तुमचा शेअर चढला यात काय मोठेपण? आणि बाजार पडत असताना जो कमी पडला, तो खरा दमाचा. म्हणून दर रविवारी अश्विन पेपरातून भाव वाचायचा, मामाजी त्याला निफ्टीच्या आकड्यानं भागायचे आणि भिंतीवर गेरूचा ठिपका द्यायचे. ठिपक्याला ठिपका जोडून रेघ. भिंतीवर आडवी दोरी ताणलेली होती. शेअर घेतला त्या दिवशी त्याची रेघ दोरीवरून निघायची. दोरीच्या वर आहे तोवर ठेवायचा, दोरीखाली गेली की विकायचा, त्यात चर्चा नाही.

आणखी दोन नियम होते. विकलेल्या शेअरचेही ठिपके महिनाभर देत राहायचे, म्हणजे निर्णय बरोबर होता की नाही ते कळतं. आणि दुसरा नियम मामाजींच्या फार आवडीचा: कंपनीच्या बातम्या वाचायच्या नाहीत. “बातमी वाचते तो बुडते, रेघ वाचते तो तरते,” असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

तर ही सगळी विद्या चुन्याखाली गेली होती. आदल्या दिवशी आठवडी बाजार होता, अख्खं गाव बाजारात. माझाही तो दिवस धड गेला नव्हता. घरी आले तर गाय हंबरत होती, तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाताची पेज भांड्यात नव्हती. मामाजी म्हणाले, मीच पेलो. वरून मिरच्या चेंगरल्या म्हणून सासूबाईंची बोलणी. एवढ्या कटकटीत गिरणीकडं कोण बघतं?

खोलीच्या किल्ल्या तीन. एक चंद्रभागाबाईंकडं, एक मामाजींकडं, तीच मी झाडायला नेते. आणि तिसरी अश्विनकडं.

२

भिंत का पुसली असेल हे गावात कोणाला विचारावं लागलं नाही. जागेश्वरनं दुपारपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

झालं असं होतं. मंडळाकडं एका पंपाच्या कंपनीचे शेअर होते. सगळ्यांत दमदार रेघ तिचीच. आणि एका रविवारी त्या रेघेनं दोरीखाली उडी मारली. मामाजींनी पुन्हा पुन्हा भागाकार केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, विका. अश्विन दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला दलालाकडं जाऊन विकून आला. पैसे आले ते वाटले होते त्याच्या निम्मे.

जागेश्वरचं म्हणणं असं, की कंपनीला आग लागली नाही, पूर आला नाही, मग आठवड्यात भाव निम्मा कसा होईल? तो हळूहळूच पडत आला असणार. भाव वाचून कोण दाखवायचं? अश्विन. म्हणजे हा कितीतरी आठवडे खोटे भाव वाचत होता आणि झाकता येईना तेव्हा खरा वाचला. खोटं कशासाठी, ते तोच जाणे. म्हणून या रविवारी वाचनालयातले जुने पेपर आणून एकेक ठिपका ताडून पाहायचं ठरलं होतं. आणि त्याच्या आदल्याच दिवशी भिंत पांढरी.

बैठक झाली ती पांढऱ्या भिंतीसमोर. जागेश्वर बोलत होता, चंद्रभागाबाई पदराला गाठी मारत होत्या. जागेश्वर जे बोलला नाही तेही सगळ्यांना ऐकू आलं. चौघांत चोर शोधायचा तर पहिली नजर त्या एकाच पोराकडं काहून गेली, हे तिथं कोणी विचारलं नाही. मीही चहाचे कप धरून गप्पच होते.

आणि हे नुसतं गावातलं बोलणं नव्हतं. अश्विनला एका पतसंस्थेत रोखपालाची जागा मिळत होती. संचालकांनी निरोप पाठवला होता, सरांनी चारित्र्याबद्दल एक शब्द दिला की झालं. जागेश्वर म्हणाला, सरांनी शब्द दिलाच तर मी स्वतः जाऊन त्यांना ही भिंत दाखवीन. ज्याच्यावर असा डाग, त्याच्या हातात गावाचा गल्ला कोण देईल? एवढी वर्षं बापाविना, आईच्या मजुरीवर शिकलेला पोरगा. ती जागा गेली तर परत येणार नव्हती.

अश्विननं स्वतःची बाजू मांडलीच नाही. तो आधी भिंतीकडं बराच वेळ बघत राहिला, मग मामाजींकडं.

“सर, तुमाले काई सांगाचं हाये का?”

आम्हाला वाटलं, तो सरांचा आधार मागतो आहे. मामाजी खाली बघून म्हणाले, “चौकशी होऊ दे.” अश्विननं किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. भिंत गेली म्हणून माणूस असा खचलेला मी पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ज्यानं कोणी माझ्या सासऱ्याचं काळीज असं पुसून टाकलं, त्याला मी शोधून काढीन. आणि मी शहापूरला फोन लावला.

३

माझं माहेर शहापूर. तिथं आमच्या घराला लागून रत्नमालाताई मेश्राम राहतात. भंडाऱ्याच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयात नोकरी झाली, आकड्यांत आयुष्य गेलं. जिभेला धार अशी, की ऑफिसात साहेबलोक त्यांच्या टेबलाला वळसा घालून जायचे. आमच्या आळीत कोणाची कोंबडी हरवली तरी पोलिसाआधी ताईंना विचारतात.

ताई सकाळच्या गाडीनं आल्या. पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाल्या, आधी भिंत पाहू. भिंतीपाशी गेल्या, तळहात चांगला दाबून फिरवला आणि हाताकडं पाहिलं. हात कोरडा, स्वच्छ. मग दोरीकडं पाहिलं. दोरी होती तिथंच ताणलेली होती.

“चुना मारताना दोरी काढली न मारून झाल्यावर पुन्हा बांधली,” त्या म्हणाल्या. “रागानं पुसणारा एवढं करत नाई, डिंपल.”

मग माणसं. जागेश्वरकडं गेलो तर त्याच्या दुकानाच्या ओट्यावर चुन्याची पोती. माझे डोळे चमकले. ताईंनी विचारलं, बाजाराच्या दिवशी कुठं होतास गा? तो म्हणाला, बाजाराच्या दिवशी दुकानदार कुठं असते? गल्ल्यावर. ते खरं होतं, मीच त्याच्याकडून उंदराचं औषध घेतलं होतं. चुना कोणी नेला, तर म्हणाला, अर्धं गाव नेते, सर नेतात, दवाखानावाले नेतात, नाव कोणाकोणाचं सांगू? आणि मग मला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटला, की चौकशीला बाई आणली तीही त्यांच्यातलीच.

मला जमिनीत जावंसं वाटलं. ताईंनी मात्र पोत्यावरचा चुना चिमटीत घेऊन पाहिला आणि हात झटकला. “मी आकड्यातली हावो, जागेश्वर,” त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

चंद्रभागाबाईंनी सांगितलं, त्यांची किल्ली देवघरात होती, आणि बाजाराच्या दिवशी त्या लेकीकडं आसगावला. जावयानं आणून सोडलं, तो साक्षीला आहे. मग आम्ही निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, पंपाची रेघ दोरीखाली गेल्यावरही सरांनी नियमाप्रमाणं ठिपके दिले होते, आणि शेवटल्या रविवारी ठिपका दिल्यावर सर खूप वेळ भिंतीकडं तोंड करून उभे होते. बोलावलं तरी ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, दुःख झालं असेल.  ताईंनी फक्त विचारलं, ते नंतरचे ठिपके वर होते का खाली? चंद्रभागाबाईंना आठवेना.

४

अश्विनच्या घरी त्याची आई बायजाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं आम्हाला बघून सूप खाली ठेवलं, पण बसा म्हणाली नाही. मग तिलाच कसंसं झालं असेल, आत जाऊन चहा ठेवला. मी तिच्या मुलाची बदनामी करणाऱ्यांच्या घरची सून, आणि ती माझ्यापुढं बशीसुद्धा धुऊन पुसून ठेवत होती. 

अश्विन भिंतीला टेकून बसला होता. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रं चौकटीत लावलेली, आणि एक फोटो शाळेतला, त्यात मामाजी तरुण आणि त्यांच्या शेजारी पोरसवदा अश्विन बक्षीस घेताना. तो फोटो अजून काढला नव्हता.

ताईंनी फार आडवळणं घेतली नाहीत. भिंत तू पुसली का? तो म्हणाला, नाही. खोटे भाव वाचले? नाही. मग भाव निम्मा काहून झाला, ते तुला माहीत आहे का?

इथं मात्र तो नाही म्हणाला नाही.

“अश्विन, नोकरी चालली तुही,” ताई म्हणाल्या. “जे माहीत हाये ते सांग.”

“मी पुसलो नाई, ताई. एवढंच सांगतो. बाकी माह्या तोंडून नाई निघणार.”

बायजाबाई एकदम रडायलाच लागली. म्हणाली, हा असाच करून राहिला, जेवत नाई, बोलत नाई, आधी विचारलं तर म्हणे, आई, थांब, सांगणारा सांगन; आता तेही म्हणत नाई.

आम्ही बाहेर आलो. पाणंदीच्या वळणावर थांबून ताई म्हणाल्या, “हा पोरगा कोणाले तरी झाकून राहिला हाये. उद्या सगळ्याइले खोलीत बलाव. न एक बादली पाणी ठेवजो.”

५

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. अश्विनला आणायला मीच गेले होते. तो दाराशी उभा राहिला, आत आला नाही. मामाजी खुर्चीत होते. 

ताईंनी मला विचारलं, डिंपल, भिंतीवर पातळ चुना मारला तर काय दिसते? मी म्हटलं, आधी चुना दिसतच नाही, ओला असेतोवर खालचं सगळं दिसत राहते, वाळला की पांढरा होते. दर दिवाळीला भिंती रंगवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

“न वाळलेला पुन्हा भिजवला तर?”

मी उत्तर दिलंच नाही. तांब्या उचलला, बादलीत बुडवला आणि भिंतीवर सपकन मारला. मग दुसरा, मग तिसरा. पाणी ओघळत खाली आलं, आणि पांढऱ्याखालून गेरू वर आला. आधी दोन-चार ठिपके, मग अख्खी रेघ, ओल्या भिंतीतून तांबूस, पण स्पष्ट. जागेश्वरच्या हातातली जुन्या पेपरांची थप्पी खाली पडली.

ताईंनी ती थप्पी त्यालाच उचलायला लावली आणि एकेक भाव वाचायला सांगितलं. भागाकार त्या तोंडी करत होत्या. ठिपका जिथं हवा तिथंच होता. पुढचाही. त्याच्या पुढचाही. अश्विननं एकही भाव खोटा वाचला नव्हता. जागेश्वरचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी त्यानं पेपर मिटून ठेवला.

“आता इकडं पाहा,” ताई म्हणाल्या. रेघ चढत चढत आलेली, मग एकदम सरळ खाली, दोरीच्या खाली. आणि त्यानंतरचे ठिपके? ते पुन्हा चढत होते. होती त्याच चालीनं, जसं काही झालंच नव्हतं.

ताईंनी मग त्यांच्या ऑफिसातली गोष्ट सांगितली. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी धानाचा आकडा पाहून नवे साहेब भडकले. एवढा धान गेला कुठं, दुष्काळ लपवता काय, म्हणून ताईंनाच जाब विचारला.

“म्या म्हटलं, साहेब, धान कुठीच नाई गेला. जिल्ह्याचे दोन झाले, म्हणून आकड्याचेही दोन झाले. गोंदियाचा बाजूले ठेवा न मोजा.” त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्या सरळ उडीवर बोट ठेवलं. “हा शेअर पडला नाई. पडलेला असा चालत नाई. याची वाटणी झाली. जागेश्वर, तुहा भाचा नागपूरले शेअरच्या ऑफिसात हाये म्हणते. लाव फोन.”

जागेश्वर दुकानाकडं गेला आणि आला तो घाम पुसत. कंपनीनं बोनस दिला होता, एकाला एक. प्रत्येक शेअरमागं आणखी एक फुकट, म्हणून भाव निम्मा. जुने विकले तेवढेच गेले, नवे अजून खात्यात यायचे होते, या आठवड्यात येतील. पेपरात केव्हाच छापून आलं होतं, भाचा म्हणाला, तुमी बातम्या वाचत नाई का?

कोणाचंच काही गेलं नव्हतं. एक दमदार शेअर दुबळा समजून अर्धा विकला, एवढंच. आणि एवढ्यासाठी आम्ही एका पोराला चोर म्हटलं होतं.

“मग भिंत पुसली कोण?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

६

ताई म्हणाल्या, भिंत पुसून अश्विनचा काय फायदा? ही भिंत तर त्याची साक्षीदार होती. ठिपके खरे आहेत हे तिच्याशिवाय कोण सांगणार होतं? आपला साक्षीदार आपणच कोणी मारत नाही. भिंतीचं भय त्याला, ज्याची चूक ती दर रविवारी थोडी थोडी दाखवत होती. आणि ज्याची तिच्यावर एवढी माया, की चुना मारतानाही दोरी काढून ठेवली.

मला अजून कळलं नव्हतं. खरं सांगते. कळायला नको होतं म्हणून कळलं नसेल.

“याच्या हाताले चुना लागत नाई,” ताईंनी भिंतीचा कोरडा कोपरा चोळून तळहात दाखवला. “नुसता चुना असता तर हात पांढरा झाला असता. चुना पक्का धराले यात पेज कालवली हाये. म्हणजे ज्या घरी त्या दिवशी भाताची पेज—”

त्या बोलता बोलता थांबल्या, कारण मी तांब्या टाकला होता.

गायीचं हंबरणं. रिकामं भांडं. ‘मीच पेलो.’ लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, हा माणूस तापानं फणफणला तरी पेज तोंडाला लावत नाही. लहानपणी पेजेवरच दिवस काढले म्हणतात, वासानं मळमळते. माझ्या कानातून आग निघाली. ज्याचं काळीज पुसणाऱ्याला शोधायला मी ताईंना बोलावलं, तोच माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. सून म्हणून मी गप्प बसावं असं वाटलं, आणि दारात अश्विन दिसला. त्याच्या आईची धुतलेली बशी आठवली.

“मामाजी,” मी म्हटलं, “तुमी पेज कधीच पेत नाई.”

 भिंतीवरचं पाणी तेवढं ओघळत होतं. मग मामाजी उठले, खुर्चीला धरून.

“विकल्यावरच्या दुसऱ्या ठिपक्याले समजलं मले,” ते म्हणाले. “मंग पेपर पायला. लपून पायला, चोरावानी. पोराइले जन्मभर सांगतलं, चुकलं तर फळ्यावर या न पुन्हा करा. माहीच चूक फळ्यावर होती न माह्यानं सांगणं झालं नाई. रविवारी जुने पेपर येणार होते. सारे हसतील, याची भीती वाटली. बाकी काई नाई, एवढीच भीती.”

“न अश्विन?” ताईंनी विचारलं.

“वाटलं, दोन-चार दिवसांत मिटन. वाटलं, नवे शेअर आले का सांगू, का सापडले.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “नोकरीचं समजलं तेव्हाही बोललो नाई. याले माफी नाई.”

मला त्यांची कीव आली आणि चीडही. खरं तर लाज आली, घरच्या माणसाची येते तशी, जिला कुठं ठेवावं कळत नाही. जागेश्वर खाली बघत होता. त्यानं दाराकडं वळून अश्विनची माफी मागायला तोंड उघडलं, पण अश्विननं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तो पहिल्यांदा आत आला आणि मामाजींसमोर उभा राहिला.

“सर, विकल्यावरच्या पयल्याच ठिपक्याले मले शंका आली होती. दलालाकडं विचारलो तं त्यानं सांगतलं, बोनस हाये.”

“मंग बोलला काहून नाई गा?”

“तुमची चूक मी चारचौघात कशी सांगू? वाटलं, तुमाले दिसन, तुमीच सांगसान. वाट पाहून राहिलो. लोक मले चोर म्हणत होते तरी पाहून राहिलो.” त्याचा आवाज चढला नाही. “भिंत पांढरी झाली त्या दिवशी तुमाले विचारलो, काई सांगाचं हाये का. त्याच्यानंतर वाट पायची सोडली.”

मामाजींनी हात जोडले. माझ्या सासऱ्यानं, ज्यांच्यासमोर गाव हात जोडतं त्यांनी, आपल्या विद्यार्थ्यासमोर हात जोडले. अश्विननं ते हात धरून खाली केले, फार हळू, आणि खोलीतून निघून गेला.

७

दुसऱ्या दिवशी मामाजी कोणालाही न घेता पतसंस्थेत गेले. चारित्र्याचा शब्द द्यायला नाही. म्हणाले, माझ्या शब्दाला आता किंमत काय. संचालकांसमोर उभं राहून त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, पेजेसकट. मग जागेश्वरही गेला, त्याला जावंच लागलं. अश्विनला जागा मिळाली.

बोनसचे शेअर खात्यात आले. वाटणी धरून मोजली तर त्यांची रेघ दोरीच्या वरच होती, पण ती काढायला भिंतीपाशी कोणी गेलं नाही. ओली केलेली भिंत वाळून पुन्हा पांढरी झाली. ताई शहापूरला परतताना मला म्हणाल्या, तू बोलली नसतीस तरी मी बोलणार होती, पण तू बोलली हे बरं झालं. मला काही बरं वाटत नव्हतं. घरात मामाजी आणि मी एकमेकांना चुकवत होतो. मी पेज वाढून गायीला नेली की ते तोंड फिरवायचे.

एका संध्याकाळी मी त्यांना घेऊन दवाखान्यातून परतत होते. समोरून अश्विन सायकलवर येताना दिसला, पतसंस्थेतून घरी जात असेल. मामाजी सवयीनं रस्त्याच्या कडेला थांबले, उतरलेल्या पोराशी बोलायला थांबायचे तसे.

अश्विननं पाहिलं. मान लववली, “नमस्कार सर,” म्हणाला, अगदी पूर्वीसारख्या आवाजात.

आणि सायकलवरून न उतरता पुढं निघून गेला.

मी काही तरी बोलायला गेले. मामाजींनी हात वर करून मला थांबवलं. ते त्याच्या पाठीकडं बघत राहिले, तो वळणाआड जाईपर्यंत.

“बराबर हाये,” ते म्हणाले, आणि घराकडं चालू लागले.